दिवसाआडचा ताप : एका दवाखान्यातील संगणकजाळ्याची केस

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा मधुमेहावर किंवा रक्तदाबावर लिहावे असे प्रथम मनात आले. पण त्या विषयांत माझ्याहून अधिकारी मंडळी आपल्या संस्थेत आहेत. मी येथे सांगणार आहे ती केस माझ्याच दवाखान्यातील संगणकजाळ्याची आहे. तिचे निदान व्हायला सात आठवडे लागले, त्या अवधीत एका रुग्णाच्या जिवावर बेतता बेतता राहिले, आणि दोष अखेर सापडला तो माझ्याच खिशात. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या दवाखान्यांत अशी जाळी पसरलेली आहेत, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडण्याचे धाडस करीत आहे.

बेळगावात टिळकवाडीतील आमचा दवाखाना लहानच. रिसेप्शनवर एक संगणक, माझ्या आणि पत्नीच्या तपासणी-खोलीत एकेक (ती स्त्रीरोगतज्ज्ञ आहे), प्रयोगशाळेत एक, सर्वांत मिळून एक प्रिंटर, रक्तातील रसायने व क्षार मोजणारा अ‍ॅनालायझर, आणि क्ष-किरण यंत्राला जोडलेला संगणक. या सर्वांच्या तारा भिंतीवरील आठ खाचांच्या एका स्विचमध्ये येतात, स्विचची एक तार राउटरला जाते आणि राउटरमधून बाहेरचे इंटरनेट. वायफायही त्याच राउटरचे. अ‍ॅनालायझरने तपासणी संपवली की आकडे आपोआप प्रयोगशाळेच्या संगणकात उतरतात, तेथून माझ्या पडद्यावर येतात. मध्ये कोणाचा हात लागत नाही, हाच त्याचा मोठा लाभ.

२०२३ च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला. विजांचा कडकडाट आपल्या गावाला नवा नाही. त्या संध्याकाळी आमचा जुना राउटर जळाला. इंटरनेट पुरवणाऱ्यांकडचा तरुण मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी नवा राउटर लावून गेला, वीस मिनिटांत सर्व पूर्ववत सुरू झाले आणि आम्ही तो प्रसंग विसरलो.

दोन-तीन आठवड्यांनी प्रयोगशाळेतील ताईंची पहिली तक्रार आली. ‘‘सर, मशीन रिपोर्ट पाठवत नाही. आकडे मशीनवर दिसतात, संगणकात येत नाहीत.’’ आपण सर्वजण करतो तेच मी केले. राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगितले. यंत्र लगेच सुरळीत झाले. दहा मिनिटांनी पुन्हा तीच रड. तारा बदलून झाल्या, स्विचची खाच बदलून झाली. नेटवर्कची कामे करणाऱ्या एका तंत्रज्ञाला बोलावले. तो सोमवारी आला, तासभर बसला, सर्व काही ठीक असल्याचा निर्वाळा देऊन गेला. पुढच्या आठवड्यात तो बुधवारी आला. पुन्हा सर्व ठीक. गुरुवारी सकाळी यंत्र पुन्हा मुके.

तोवर ताईंनी एक व्यवहारी तोडगा काढला होता. यंत्र रुसले की पडद्यावरचे आकडे त्या कागदावर उतरवीत आणि रिसेप्शनवरची मुलगी ते संगणकात भरी. जुलैमधील एका शनिवारी सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आले. जुना मधुमेह, मूत्रपिंडे थकलेली, हृदयासाठी रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू. दोन दिवसांपासून पायांत बळ नाही, एवढीच तक्रार. माझ्या पडद्यावर त्यांचे पोटॅशियम आले ४.१. आकडा पाहून समाधान व्हावे असा; पण औषधांची यादी आणि तो अशक्तपणा यांच्याशी त्याचा मेळ बसेना. ईसीजी काढला तर टी-लहरी उंच आणि टोकदार. मी स्वतः उठून प्रयोगशाळेत गेलो. यंत्राच्या पडद्यावर त्यांच्या नावापुढे ६.४ होते. कागदावरही ६.४ होते. भरताना एक ओळ चुकली होती आणि वरच्या रुग्णाचा आकडा त्यांच्या नावे पडला होता. पुढचे उपचार वेळेवर झाले, गृहस्थ आठ दिवसांनी चालत भेटायला आले. रिसेप्शनवरच्या मुलीला मी रागावलो नाही. त्या गर्दीत पस्तीस आकडे हाताने भरण्याची वेळ तिच्यावर यायलाच नको होती. तोपर्यंत ही तक्रार मला गैरसोयीची वाटत होती. त्या शनिवारी रात्री मात्र मी वही घेऊन बसलो.

येथे थोडे शास्त्र सांगणे आवश्यक आहे. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो, त्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. शून्य ते २५५ यांमधील चार आकडे, मध्ये टिंबे. ही पद्धत १९८१ साली प्रमाण म्हणून जाहीर झाली. तिच्यात एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. तेव्हा ते अपार वाटले असतील. प्रत्यक्षात त्यांचा मध्यवर्ती साठा ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपला. टंचाईची चाहूल आधीच लागल्याने १९९४ मध्ये काही पट्टे केवळ घरगुती वापरासाठी राखून ठेवण्यात आले. १९२.१६८ ने सुरू होणारे, १० ने सुरू होणारे आणि १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतचे पत्ते ते हेच. माझ्या दवाखान्यातील १९२.१६८.१.१० आणि इंदूरमधील एखाद्या पेढीतील १९२.१६८.१.१० सुखाने नांदू शकतात, कारण यांतला कोणताही पत्ता उंबऱ्याबाहेर जात नाही. टिळकवाडीत ‘दुसऱ्या रेल्वे फाटकाजवळ’ एवढे सांगितले की रिक्षावाला बरोबर आणून सोडतो. पुण्याहून टाकलेल्या पाकिटावर तेवढेच लिहिले तर टपालखात्याने काय करावे? बाहेरच्या जगाशी बोलताना राउटर सर्वांच्या वतीने आपला एकच सार्वजनिक पत्ता वापरतो आणि आलेले उत्तर ज्याचे त्याला पोहोचवतो. म्हणून त्याच्या आतल्या पत्त्याला गेटवे म्हणतात. आपण फाटक म्हणू.

घरातले पत्ते दोन रीतींनी दिले जातात. एक, यंत्रातच कायमचा पत्ता लिहून ठेवणे. अ‍ॅनालायझर, क्ष-किरणाचा संगणक, प्रिंटर यांना तो तसाच हवा, कारण इतर यंत्रे त्यांना ठरलेल्या पत्त्यावरच शोधतात. दोन, राउटरने आल्यागेल्याला आपल्याजवळच्या साठ्यातून ठरावीक मुदतीचा पत्ता देणे. या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. धर्मशाळेच्या व्यवस्थापकाने खोली द्यावी तसा हा प्रकार आहे. पाहुणा परत आला आणि त्याची खोली रिकामी असली तर बहुधा त्याला तीच मिळते.

आता वहीकडे वळतो. कोणताही ताप पाहताना आपण प्रथम त्याचा तक्ता पाहतो. ताईंच्या रजिस्टरमधून मी बिघाडाचे दिवस काढले. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पुन्हा मंगळवार, गुरुवार, शनिवार. सोमवार, बुधवार, शुक्रवार संपूर्ण निर्दोष. दिवसाआड येणारा ताप म्हटले की आपण हिवताप आठवतो. यंत्राला दिवसाआड काय होणार? ताईंना विचारले, त्या दिवशी दवाखान्यात वेगळे काय असते? त्या हसून म्हणाल्या, ‘‘सर, त्या दिवशी तुम्ही असता.’’

सोमवार, बुधवार, शुक्रवारी सकाळी मी खानापूर तालुक्यातील एका केंद्रावर जातो, तेव्हा दवाखाना पत्नी पाहते. तंत्रज्ञ आला तो दोन्ही वेळा माझ्या अनुपस्थितीत, खोली रिकामी मिळते म्हणून. थंडी भरून आली नसताना रक्ताचा नमुना घेतला असेच हे झाले.

‘‘अलीकडे काय बदलले?’’ या प्रश्नाला ‘‘काहीच नाही’’ असे उत्तर रुग्ण देतात, तसेच मीही स्वतःला दिले होते. नीट आठवल्यावर दोन गोष्टी निघाल्या. मे महिन्यात राउटर बदलला होता आणि जूनच्या आरंभी मी नवा मोबाइल घेतला होता.

त्या रविवारी सकाळी दवाखाना बंद असताना मी एकटा गेलो. अ‍ॅनालायझरचा पत्ता १९२.१६८.१.२०. त्याची तार मी स्विचमधून काढून ठेवली. म्हणजे त्या पत्त्यावर आता कोणी नाही. मग रिसेप्शनच्या संगणकावर पिंग ही आज्ञा देऊन तो पत्ता लिहिला. पिंग म्हणजे ‘कोणी आहे का?’ अशी हाक. १९८३ मध्ये ती लिहिणाऱ्या माइक मूस यांनी पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिचे नाव ठेवले. उत्तर यायला नको होते. आले! चारही हाकांना ओ. तार जमिनीवर पडलेली, आणि रिकाम्या घरातून कोणीतरी उत्तर देत होते.

मग राउटरचे पान उघडले. ब्राउझरमध्ये फाटकाचा पत्ता लिहिला की ते उघडते. जोडलेल्या यंत्रांच्या यादीत .२० समोर एका मोबाइलच्या मॉडेलचे नाव होते. तो मोबाइल माझ्या खिशात होता. त्याचे वायफाय बंद केले, आणि ओ यायची थांबली.

उलगडा असा. जुन्या राउटरचा पाहुण्यांचा साठा .१०० पासून पुढे होता. ज्याने दहा वर्षांपूर्वी आमची यंत्रे जोडली त्याने हे लक्षात घेऊन प्रिंटरला .१०, अ‍ॅनालायझरला .२० आणि क्ष-किरणाला .३० दिले होते. नवा राउटर कारखान्यातून आला तसाच लावला गेला, त्याचा साठा.२ पासून .२५४ पर्यंत, म्हणजे सबंध गल्ली. अ‍ॅनालायझर रात्री बंद असतो. एका सकाळी मी लवकर आलो, राउटरला .२० रिकामा दिसला, त्याने तो माझ्या मोबाइलला दिला. नंतर अ‍ॅनालायझर चालू झाला आणि आपल्या हक्काच्या घरात राहू लागला. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे! प्रयोगशाळेचा संगणक यंत्राला उत्तर देई, ते कधी यंत्राला मिळे, कधी माझ्या खिशात येई. राउटर बंद करून चालू केला की मोबाइल थोडा वेळ जाळ्याबाहेर पडे, तेवढ्यापुरते यंत्र बरे वाटे, आणि औषध लागू पडल्याचा आम्हांला भास होई. संगणकावर असा झगडा झाला तर विंडोज तसा इशारा देते. अ‍ॅनालायझरला इशारा देण्याची सोय नव्हती.

न्यूयॉर्कमध्ये मेरी मॅलन नावाच्या स्वयंपाकिणीने स्वतः ठणठणीत राहून घरोघर विषमज्वर पोहोचवला, आणि १९०७ साली जॉर्ज सोपर या स्वच्छता-अभियंत्याने तिचा माग काढला, हे आपण विद्यार्थिदशेत वाचलेले आहे. वाचताना आपण नेहमी सोपरच्या बाजूला असतो. मेरीच्या जागी उभे राहण्याचा योग मला साठीत आला.

उपाय दहा मिनिटांचा होता. राउटरचा साठा .१०० ते .२०० एवढाच ठेवला. स्थिर यंत्रे त्याच्या खाली. शिवाय अ‍ॅनालायझर आणि प्रिंटर यांचे पत्ते राउटरमध्येही त्यांच्या नावे राखून ठेवले. ही सोय यंत्राच्या मॅक अ‍ॅड्रेसवर, म्हणजे कारखान्यात मिळालेल्या जन्मखुणेवर चालते. मोबाइलसाठी मात्र ती भरवशाची नाही. हल्लीचे मोबाइल खासगीपणासाठी प्रत्येक वायफायला बनावट जन्मखूण सांगतात. आमचे सर्वांचे मोबाइल आता गेस्ट नेटवर्कवर आहेत आणि दवाखान्याच्या यंत्रांपर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. अ‍ॅनालायझरच्या आणि क्ष-किरणाच्या संगणकाच्या मांडणीत फाटकाची जागा मी कोरी ठेवली. त्यांना दवाखान्याबाहेर जाण्याचे कारणच नाही.

यानंतर ओळखीच्या डॉक्टरांचे दूरध्वनी मला येऊ लागले. या विषयाचे रीतसर शिक्षण माझ्यापाशी नाही. पण तपासणीचा क्रम ठरलेला असला की बरेच निदान होते. प्रथम डोळ्यांनी पाहावे: तारेच्या खाचेशी दिवा लागतो का? निम्म्या तक्रारी येथेच संपतात. झाडूच्या धक्क्याने सैल झालेली तार किंवा टोकाची तुटलेली क्लिप. मग त्या संगणकाला पत्ता कोणता मिळाला आहे ते पाहावे. काळ्या पडद्यावर आयपीकॉन्फिग असे लिहिले की दिसते. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून काहीच उत्तर आले नाही आणि संगणकाने स्वतःच स्वतःचे बारसे केले, असे समजावे. दोष मग तारेत, स्विचमध्ये किंवा राउटरमध्ये. पत्ता योग्य असेल तर फाटकाला हाक द्यावी. फाटक ओ देते आणि बाहेरचा ८.८.८.८ देत नाही, तर दुखणे घराबाहेरचे. पुरवठादाराला कळवावे आणि आत काहीही ढवळू नये. ८.८.८.८ ओ देतो पण कोणतेच संकेतस्थळ उघडत नाही, तर नावावरून पत्ता शोधणारी डीएनएस ही सेवा आजारी आहे. हा क्रम उलटा केला की वेळ जातो. मीही तो सात आठवडे उलटाच करीत होतो.

या दूरध्वनींमधील तीन प्रसंग सांगण्याजोगे आहेत. एका स्नेह्याच्या दवाखान्यात लाईट जाऊन आली की प्रिंटर हरवायचा. त्याला कायमचा पत्ता नव्हता. दर वेळी राउटर नवी खोली देई आणि संगणक जुन्या दारावर थापा मारीत बसत. दुसरीकडे वायफाय वरच्या मजल्यावर पोहोचावे म्हणून दुकानातून आणखी एक राउटर आणून नुसता जोडला होता. एका धर्मशाळेला दोन व्यवस्थापक झाले, दोघेही खोल्या वाटू लागले. निम्म्या संगणकांना प्रिंटर दिसे, निम्म्यांना नाही. दुसऱ्याचे वाटप बंद करून त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट केले, काम झाले. तिसरी गोष्ट एका सर्जन मित्राची. एका सकाळी सबंध जाळे ठप्प, स्विचवरचे सर्व दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते. सफाई करणाऱ्या मावशींना तारेचे एक टोक मोकळे लोंबताना दिसले, ते त्यांनी आपुलकीने रिकाम्या खाचेत खोचले होते. तारेची दोन्ही टोके त्याच स्विचमध्ये! संदेश गोल गोल फिरत राहिला. मावशींना बोल लावण्याचे कारण नाही; नको असलेली तार तेथे कोणी ठेवली हा प्रश्न आहे.

एक सूचना कळकळीची. राउटरच्या मागे टाचणीने दाबायचे बारीक भोक असते. ते रीस्टार्टचे नव्हे, रीसेटचे. ते दाबून धरले की पुरवठादाराचा प्रवेशशब्द, पत्त्यांची मांडणी, वायफायचे नाव, सर्व पुसले जाते. आमच्या एका बालरोगतज्ज्ञ मित्राने बावीस गेजची सुई वापरून हा पराक्रम केला आणि तीन दिवस पावत्या हाताने लिहिल्या. तसेच घरी बसून कॅमेरे दिसावेत म्हणून राउटरमध्ये बाहेरून आत येण्याची वाट उघडून देणारे तंत्रज्ञ असतात. ज्या जाळ्यात रुग्णांचे अहवाल आहेत तेथे अशी वाट ठेवू नये, आणि राउटरचा कारखान्यातला प्रवेशशब्दही तसाच ठेवू नये.

रुग्णाचा असतो तसा जाळ्याचाही आम्ही आता एक केसपेपर केला आहे. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला साधा कागद: कोणते यंत्र, कोणता पत्ता, स्विचची कोणती खाच, पाहुण्यांचा साठा कोठून कोठवर, कोणत्या तारखेला काय बदलले. प्रवेशशब्द त्यावर नाहीत, ते पत्नीच्या वहीत. कागद ताईंच्या सुवाच्य अक्षरात आहे.

२०२५ च्या एप्रिलमध्ये पुन्हा वळवाची वीज कोसळली आणि पुन्हा राउटर गेला. या वेळी आलेला मुलगा वेगळा होता. ताईंनी त्याला कपाट उघडून दाखवले; त्याने कागद वाचला, .१०० ते .२०० भरले, प्रिंटरवर एक पान काढून पाहिले आणि अ‍ॅनालायझरचा पहिला अहवाल संगणकात उतरेपर्यंत थांबला. बुधवार होता, मी खानापूरला होतो. संध्याकाळी परतल्यावर कागदाच्या तळाशी तारखेसह नवी ओळ वाचली, तेव्हा मला हे कळले.